सेकंडहँड कॅसेट डेक: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत वापरून

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका ओळखीच्या घरातून हा डेक साडेचार हजारांना घेतला. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. एवढ्या जुन्या यंत्राच्या बाबतीत ते कुठल्या कारखान्यातून आलं यापेक्षा कुणाच्या घरात कसं राहिलं, हे जास्त महत्त्वाचं. दोन कप्पे, टेपचा सरसराट कमी करणारं डॉल्बी बी, मागं आवाज बाहेर काढायला लाइन आउट. स्वतःचे स्पीकर नाहीत, अँप्लिफायर वेगळा लागतो. माझ्याकडं तो होता; नसेल तर खर्च साडेचार हजारांवर थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली कॅसेट लावली गीतरामायणाची, आणि दोन ओळींतच कान टवकारले. बाबूजींचा आवाज चढ्या पट्टीत, एकदम पोरसवदा. सुधीर फडके मूळचे कोल्हापूरचे, १९१९ चा जन्म. त्यांचा आवाज कसा असतो हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. तेच गाणं फोनवर लावून पेटीवर दोन्हींचा सा काढून बघितला, तर डेक जवळजवळ अर्ध्या सुरानं वर. शिवाजी पेठेतल्या दुरुस्तीवाल्या काकांनी झाकण उघडलं आणि बघताक्षणी म्हणाले, "बेल्ट नवीन घातलाय की ह्यात. पण मोटर अजून जुन्या बेल्टाच्या हिशोबानं पळायलीय." म्हणजे आधीचा बेल्ट ढिला पडल्यावर कुणीतरी मोटरचा वेग वाढवला, पुढं बेल्ट बदलला आणि वेग तसाच राहिला. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. मोटरच्या पाठीला बारीक भोक असतं, त्यात आत स्क्रू. काकांनी गाणं चालू ठेवून तो जरा जरा फिरवला, मी फोन कानाला लावून उभा. बाबूजी हळूहळू वयात आले.

गीतरामायणाबद्दल एक सांगायला हवं. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी ही ५६ गाणी झाली, तेव्हा वेगवेगळी पात्रं वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. आपल्या घराघरांतला संच मात्र एकट्या बाबूजींच्या आवाजातला. सलग ऐकला की कळतं, हा माणूस सीतेचं गाणं गाताना आवाज बायकी करायला जात नाही, फक्त शब्दांवरचा भार बदलतो. सुटी गाणी ऐकताना हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसरी दुरुस्ती मात्र घरीच झाली. टेपवरचा आवाज वाचणाऱ्या हेडच्या शेजारी एक छोटा स्क्रू असतो, त्यानं हेड टेपला काटकोनात बसतं. तो हलला की सगळं गाणं बंद दारापलीकडून आल्यागत लागतं. हे जुळवायला मी 'बुगडी माझी सांडली गं' वापरलं. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'मधली ही लावणी, वसंत पवारांचं संगीत. यात ढोलकीची टणक थाप सतत असते, त्यामुळं स्क्रू योग्य जागी आला की तिला लगेच धार येते. आणि आशाबाई प्रत्येक शब्द कसा चावून, थोडा मागं रेटून टाकतात! स्क्रू जुळल्यावरही ती बाजू मी परत परत लावली, दुरुस्तीच्या नावाखाली.

आता खरं बोलतो. विकत आणलेल्या कॅसेटींसाठी हा सगळा खटाटोप करू नका. ती गाणी फोनवर जास्त स्वच्छ वाजतात, सरसराट नाही, रिवाइंड नाही. डेकची किंमत वसूल होते ती भरून घेतलेल्या कॅसेटींवर. पूर्वी दुकानात यादी द्यायची, रेकॉर्डिंगवाला त्याच्या लहरीप्रमाणं गाणी भरायचा. आमच्या एका नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर 'ऐरणीच्या देवा' अगदी बाजूच्या शेवटी घातलंय. १९६५ च्या 'साधी माणसं'मधलं, शब्द जगदीश खेबुडकरांचे, संगीत 'आनंदघन' म्हणजे खुद्द लताबाईंचं. टेप मध्येच संपते आणि गाणं कडव्यात खटकन तुटतं. घरातल्या सगळ्यांना ते तसंच पाठ आहे. फोनवर पूर्ण लावलं की पुढचा भाग कुणी तरी नंतर जोडल्यासारखा वाटतो, आणि बहीण तर त्याच जागी बोलायला सुरुवात करते.

त्याच कॅसेटची आणखी एक गंमत. नव्वद मिनिटांची टेप साठ मिनिटांच्या टेपपेक्षा पातळ असते. वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. म्हणून गाण्याआधीच्या शांततेत तेच गाणं अगदी बारीक ऐकू येतं, मग खरं सुरू होतं. दोष आहे, मान्य. पण काढून टाकावा असं काही वाटत नाही. दुसऱ्या बाजूला सांगली आकाशवाणीवरून रेडिओसमोर बसून धरलेली गाणी आहेत, त्यांत निवेदिकेची अर्धी अर्धी वाक्यं अडकलीत. ती कुठल्या ॲपवर मिळणार?

शास्त्रीय गायक मल्लिकार्जुन मन्सूरांच्या कॅसेटींबद्दल जरा जास्त लिहितो. शास्त्रीय गाण्यात टेपचा सरसराट सगळ्यात त्रासदायक, कारण संथ आलापीत तानपुऱ्याच्या बरोबरीनं तोच ऐकू येत राहतो. मन्सूरांना तो तेवढा आडवा येत नाही. जयपूर घराण्याची रीतच अशी की लांबण न लावता बंदिश धरायची, लय फार विलंबित नाही, तबला लगेच सोबतीला. सरसराट त्याखाली दबून जातो. शाहू महाराजांच्या पदरी असलेले अल्लादियाखाँसाहेब, त्यांचे मुलगे मंजीखाँ आणि भुर्जीखाँ, आणि त्या दोघांकडं शिकलेले मन्सूर, असा हा धागा. तोडी-यमनाऐवजी एखादा अनवट जोडराग, म्हणजे दोन राग मिळून झालेला, घेऊन बसायचं, ही सवयही त्याच घरची. शिवाय मधे जाहिरात येत नाही. ख्याल संपतो, डेकची कळ टक् करून वर येते, तेव्हाच उठायचं.

पावसाळ्यानं मात्र परीक्षा घेतली. जुलैत काही कॅसेटींच्या खिडकीतून वेढ्यावर पांढरी बुरशी दिसायला लागली. अशी कॅसेट चुकूनही लावू नये. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटीला जाते. ज्यांच्या खोक्याला पाच स्क्रू आहेत त्या उघडून पुसता येतात, चिकटवलेल्या खोक्यांपुढं हात टेकले. उरलेल्या कॅसेटी सिलिका जेलच्या पुड्या टाकून बिस्किटांच्या डब्यात गेल्या. तक्रार तरी कशी करणार? २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या आत्याच्या तळमजल्यातल्या सगळ्या गेल्या, आमच्या माळ्यावर होत्या म्हणून राहिल्या. गणपतीत डेकला सुट्टीच होती. मंडळाच्या स्पीकरपुढं मन्सूर काय करणार.

लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं असेल तर माइकच्या भोकात वायर घालू नका, आवाज फाटतो. काही शेकड्यांत मिळणारं यूएसबी साउंड कार्ड घ्या, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी फुकट आहे. सरसराट काढायचं बटण जपून वापरा; जास्त दाबलं की बाबूजींचे श-ष बोथट होतात, आणि मग राहिलं काय? नव्वद मिनिटांच्या कॅसेटीला नव्वद मिनिटंच लागतात, हेही लक्षात असू द्या. हेड आणि टेप ओढणारी रबरी रोळी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं नियमित पुसायची. डॉल्बीचं बटण त्या पद्धतीनं भरलेल्या कॅसेटीलाच लावायचं, नाहीतर गाणं मंद पडतं. डाव्या कप्प्याचं रिवाइंड अजून अडतं, काका म्हणतात त्याचा पार्ट मिळाला तर बघू.

दाजींनी परवा विचारलं, आपणही एखादा घेऊ का. त्यांच्याकडं कॅसेट एक नाही, नुसती हौस. म्हटलं, हौसेला आमच्याकडं या, जेवूनच जा. येतात आता रविवारी. मन्सूर लावले की चपला शोधायला लागतात, 'बुगडी' लावली की आणखी एक भाकरी मागतात.