दिल्ली-टोकियो आणि अंतर सांगणारं अ‍ॅप: काही महिने वापरल्यानंतर

कामामुळे दिल्ली-टोकियो सारखं चालू असतं, त्यामुळे दोन शहरांमधलं विमानाचं अंतर आणि वेळ सांगणारं एक फुकटातलं अ‍ॅप गेले काही महिने वापरतोय. थेट सांगतो, किलोमीटरसाठी खुशाल वापरा, तासांसाठी अजिबात नको.

अंतर साधारण ५,८५० किमी दाखवतं आणि ते बरोबरच आहे, फक्त ते पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर आहे एवढं ध्यानात ठेवा. मॅपवर ती रेघ हिमालय ओलांडून तिबेटवरून जाते, विमान मात्र सहसा तिकडे फिरकत नाही, बंगाल-म्यानमारकडून वळसा घालून चीनमध्ये शिरतं. कारण केबिनमधली हवा गेली तर विमानाला पटकन १०,००० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण ३ किमीवर खाली यावं लागतं, आणि तिबेटची जमीनच ४,५०० मीटरच्या आसपास आहे, मग उतरणार कुठे? म्हणजे प्रत्यक्षात उडतो ते अंतर जास्तच असतं.

खरी गंमत वेळेची. अ‍ॅप ताशी ८५० चा स्पीड धरून सरळ भागाकार करतं आणि सात तासांच्या आसपास उत्तर देतं, जाताना तेच, येताना पण तेच. तिकिटावर बघा, जाताना पावणेआठ-आठ तास आणि येताना नऊ-साडेनऊ, थंडीत कधी त्याहून जास्त. हा सगळा जेट स्ट्रीमचा खेळ, साधारण १० किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा पट्टा, हिवाळ्यात सगळ्यात जोरात, आणि जपानच्या वर तर तो कधीकधी ताशी ३०० किमीच्याही पुढे जातो. समोरच्या स्क्रीनवर ग्राउंड स्पीड (म्हणजे जमिनीच्या हिशोबाने विमानाचा वेग) बघत बसायची मला सवयच लागलीय, जानेवारीत जाताना जपान जवळ आलं की आकडा ११०० च्या वर गेलेला असतो आणि परत येताना त्याच पट्ट्यात तेच विमान सातशेत रखडतं (बाजूचा घोरत असतो, त्याला काय पडलंय).

शिवाय तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून परत गेटला लागेपर्यंतचा असतो, रनवेपर्यंतचं रांगत जाणं त्यातच आलं. अ‍ॅपला हे माहीतच नाही.

घड्याळाचा घोळ वेगळाच. टोकियो साडेतीन तास पुढे, त्यामुळे रात्री आठला निघालो की सकाळी साडेसातला उतरतो आणि झोप जेमतेम चार तास, कारण मधेच ते जेवण घेऊन उठवतात. उलट येताना सकाळी साडेअकराला निघून संध्याकाळी साडेपाचला दिल्लीत, घड्याळात सहाच तास, पाठीला मात्र साडेनऊ बरोबर कळतात.

अजून एक, अ‍ॅपसाठी टोकियो म्हणजे मॅपवरचा एक ठिपका. प्रत्यक्षात तिथे दोन विमानतळ, हानेडा शहराला चिकटून आणि नारिता जवळपास ६० किमी लांब, ट्रेननेही तासभर धरा. तिकीट थोडं महाग पडलं तरी मी हानेडाच घेतो, सकाळची मीटिंग असेल तर प्रश्नच नाही.

अ‍ॅप काढून टाकलेलं नाही, जाहिराती कमी आहेत आणि नेट नसलं तरी चालतं. पाचपैकी तीन स्टार. बनवणाऱ्यांपैकी कुणी वाचत असेल तर निदान जायचा आणि यायचा वेळ वेगवेगळा दाखवा की राव, ऋतूप्रमाणे जमलं तर अजून चांगलं.