कॅटापल्टवरचे हरिकेन की धान्यावरची धावपट्टी?

दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकवरील ताफ्यांना हवाई संरक्षण देण्यासाठी ब्रिटनने मालवाहू जहाजांचाच दोन प्रकारे उपयोग केला. १९४१ पासून 'कॅम' (कॅटापल्ट बसवलेल्या व्यापारी) जहाजांच्या पुढच्या भागावर रॉकेटच्या जोराने विमान उडवणारे कॅटापल्ट आणि त्यावर एक हरिकेन लढाऊ विमान बसवण्यात आले. अशी ३५ जहाजे होती. लांब पल्ल्याचे जर्मन टेहळणी व बॉम्बफेकी विमान कोंडोर दिसताच वैमानिक झेपावे, परंतु उतरायला डेकच नसल्याने, किनारा आवाक्यात नसेल तर त्याला थंड समुद्रात उडी घेऊन कोणीतरी आपल्याला उचलेल यावर विसंबावे लागे. एका उड्डाणाची ही किंमत मला फार जड वाटते.

'मॅक' जहाजांचा, म्हणजे धावपट्टी बांधलेल्या मालवाहू जहाजांचा, विचार अधिक दूरचा होता. १९४३ मध्ये सेवेत आलेल्या 'एम्पायर मॅकअल्पाइन'सारख्या धान्यवाहू जहाजांवर सलग धावपट्टी बांधून पाणबुड्यांविरुद्ध वापरली जाणारी चार संथ स्वोर्डफिश विमाने ठेवली गेली, आणि ती परत उतरू शकत असल्याने पाणबुड्यांवर सतत पाळत राहिली. धान्य पाइपांतून चढवता-उतरवता येत असल्यामुळे वर धावपट्टी असूनही खालचा माल पोहोचत राही, हे मला या योजनेतील सर्वांत कल्पक अंग वाटते. तेलवाहू मॅक जहाजांवर हँगर (विमाने ठेवण्याची बंदिस्त जागा) नसल्याने तीनच विमाने, तीही उघड्यावर, राहत.

तरीही १९४१ साली, जेव्हा विमानवाहू नौका फारच थोड्या होत्या, तेव्हा कॅमचाच पर्याय हाताशी होता. शिवाय संथ स्वोर्डफिशला कोंडोरचा पाठलाग जमलाच नसता.