क्वाल-टू-के आणि मुळा-मुठा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ऑक्टोबर ते मे असे आठ महिने मी क्वाल-टू-के हे नदीच्या पाण्याच्या गुणवत्तेचे संगणकीय प्रारूप पुण्यात, मुठेवरील विठ्ठलवाडीपासून मुळा-मुठेवरील थेऊरपर्यंतच्या टप्प्यासाठी वापरले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या १९८७ सालच्या क्वाल-टू-ई या प्रारूपाची ही सुधारित आवृत्ती स्टीव्हन चाप्रा आणि ग्रेग पेलेटियर यांनी तयार केली. ते मोफत मिळते आणि एक्सेलमध्ये चालते, आकडेमोड मात्र पडद्यामागे फोर्ट्रान या संगणकीय भाषेत होते. फिकट निळ्या चौकटींत माहिती भरायची, पिवळ्यांत मोजमापे आणि हिरव्यांत उत्तरे, ही रंगांची सोय नवशिक्यालाही दिवसभरात अंगवळणी पडते.

हे प्रारूप प्रवाह स्थिर मानते, पण ऊन आणि तापमान यांचे दिवसरात्रीचे चढउतार हिशेबात घेते. पावसाळ्यासाठी ते निरुपयोगी आहे. उन्हाळ्यात मात्र खडकवासला धरणाचे पाणी कालव्याकडे आणि शहराकडे जाते व मुठेच्या पात्रात वाहते ते मुख्यतः सांडपाणीच असते, त्यामुळे स्थिर प्रवाहाचे गृहीतक बऱ्यापैकी जुळते. मुख्य अडचण उगमाच्या रकान्याची होती. तेथे शून्य प्रवाह चालत नाही, म्हणून अगदी थोडे पाणी दाखवून पहिल्या मोठ्या नाल्यालाच जवळजवळ उगम मानावे लागले.

दुसरी ठेच बीओडीची, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनच्या मोजमापाची. आपल्याकडील प्रयोगशाळा भारतीय मानकानुसार २७ अंशांवर तीन दिवसांची चाचणी करतात. प्रारूपाला मात्र सेंद्रिय द्रव्य पूर्ण कुजेपर्यंत लागणारा एकूण ऑक्सिजन हवा असतो. अहवालातला आकडा तसाच भरला तर नदी कागदावर आपोआप स्वच्छ होते. ही चूक मी पहिले तीन आठवडे केली, आणि आलेखही इतका सुबक येत होता की शंका घ्यावीशी वाटली नाही.

त्याहून मोठा धडा मुळा-मुठेचा संगम आणि बंडगार्डन बंधारा यांच्यामधल्या संथ पाण्याने दिला. मोजमापांशी जुळवाजुळव हाताने करून कंटाळल्यावर मी याच कुटुंबातले क्वाल-टू-के-डब्ल्यू घेतले, ज्यात जनुकीय अल्गोरिदम (उत्क्रांतीसारखी निवड करत उत्तर शोधणारी गणनपद्धती) वापरून गुणांक, म्हणजे निरनिराळ्या क्रियांचे वेग ठरवणारे आकडे, आपोआप ठरवता येतात. रात्रभर संगणक चालला आणि सकाळी विरघळलेल्या ऑक्सिजनची रेषा सर्व बिंदूंमधून अचूक गेलेली दिसली. गुणांक पाहिले तेव्हा कळले, की बंधाऱ्यामागे तुंबलेल्या त्या पाण्यात हवेतून ऑक्सिजन मिसळण्याचा वेग प्रारूपाने डोंगरातल्या खळाळत्या ओढ्याला शोभेल इतका धरला होता. कारण आमच्याच नमुन्यांत होते. आम्ही सोयीनुसार दुपारी बाराच्या सुमारास पाणी घेत होतो, जेव्हा शेवाळ उन्हात भरपूर ऑक्सिजन सोडते. आणि शेवाळाचे प्रमाण ज्यावरून कळते त्या हरितद्रव्याचे मोजमाप नसल्यामुळे मी शेवाळाचा रकाना रिकामा ठेवला होता. शेवाळाचे श्रेय अल्गोरिदमने वाऱ्याला दिले! पुढच्या फेरीत पहाटे साडेपाचला नमुने घेतले, तेव्हा त्याच जागी ऑक्सिजन जेमतेम सापडला. पुण्याच्या सुमारे ५६० मीटर उंचीवर २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे फार तर ७.७ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. दुपारचा आकडा त्याच्या वर गेला तर तो शुद्धतेचा पुरावा नसून शेवाळाचा आहे, हे तेव्हापासून मी प्रत्येक तक्त्याच्या वर लिहून ठेवतो.

जलपर्णीची सोय यात मुळीच नाही. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल आणि तळाशी चिकटलेले शेवाळ, दोन्ही आहेत. पण पृष्ठभाग झाकून टाकणारी वनस्पती प्रारूपकर्त्यांच्या डोळ्यांसमोर नसावी. मी त्या टप्प्यावर सावलीच्या तक्त्यात जवळजवळ शंभर टक्के सावली भरली आणि हवेतून ऑक्सिजन मिसळण्याचा वेग स्वतः कमी ठरवून दिला. हे ठिगळ आहे, आणि अहवालात तसे लिहिणे भाग आहे.

एवढ्या तक्रारींनंतरही हे साधन मी सोडणार नाही, कारण ‘असे केले तर काय होईल’ या प्रश्नांना ते उपयोगी उत्तर देते. नाल्यांचे सर्व सांडपाणी प्रक्रियेनंतर बीओडी लिटरमागे १० मिलिग्रॅमवर आणून सोडले, असे गृहीत धरून मी ते चालवले. स्नानायोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात ऑक्सिजन लिटरमागे किमान ५ आणि बीओडी कमाल ३ मिलिग्रॅम आहे. ऑक्सिजनची रेषा वर आली, पण खालच्या टप्प्यात पुन्हा घसरली. शोध घेतला तर दोषी अमोनिया निघाला: त्यातील एक ग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो, आणि केवळ बीओडीकडे पाहणाऱ्याला हा खर्च दिसतच नाही. आमच्या नमुन्यांत अमोनियाची नोंद निम्म्या ठिकाणी नव्हतीच. म्हणून मेच्या शेवटच्या फेरीत आम्ही पहाटे निघालो, तेव्हा अमोनियासाठीच्या बाटल्या दुप्पट घेतल्या होत्या.