उन्हाळी माळवं (भाजीपाला): फेब्रुवारीत लावावं की होळी झाल्यावर?

जानेवारी सरत आला की परसात आळी खणणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न येतो. मराठवाड्यात पुढच्या दीड महिन्याचा काही नेम नसतो. पहाटे गोधडी सोडवत नाही, दुपारी ऊन चटके देतं आणि मध्येच आभाळ भरून गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत झालेल्या गारपिटीनं उभी ज्वारी आणि गहू झोपवला, तो धसका अजून गेलेला नाही.

मी दोन्ही वेळा लावून पाहिलंय.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात थेट बी टोकलं, तर अडचण थंड मातीची. काकडी, दोडका, कारलं, भेंडी नीट उगवायला माती २५ ते ३० अंश उबदार लागते. एका वर्षी घाईनं भेंडी टोकली. बारा दिवस झाले तरी कोंब दिसेना, म्हणून एक आळं उकरलं. बी फुगून मऊ पडलं होतं, बोटात धरताच चिरडलं आणि कुजका वास आला. सगळा वाफा पुन्हा टोकावा लागला.

होळीनंतर तीच भेंडी पाच-सहा दिवसांत वर येते. पण पुढचा हिशोब बघा. दोडक्याला फळ धरायला पन्नास-साठ दिवस लागतात. मार्चच्या मध्यावर टोकलेला दोडका मे महिन्याच्या मध्यावर येणार, म्हणजे ऐन बेचाळीस अंशांत. उष्णता वाढली की वेलवर्गात नर फुलं जास्त आणि मादी फुलं कमी येतात. मांडव पिवळ्या फुलांनी भरतो, फळ मात्र शोधावं लागतं. त्यात काळ्या मातीला भेगा पडल्या की घातलेलं पाणी मुळाशी टिकत नाही. आणि मुळात पाणी असेल का? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात मे महिन्याच्या पाण्यावर वेल सोडणं मला पटत नाही.

शिवाय होळी एका तारखेला येत नाही. २०२४ मध्ये ती २४ मार्चला होती, २०२५ मध्ये १३ मार्चला. तिथीपेक्षा सकाळी मातीत बोट खुपसून पाहिलेलं बरं.

तुमचं पाणी एप्रिलअखेरपर्यंतच पुरणार असेल, तर वेलवर्ग फेब्रुवारीतच धरा, फक्त जमिनीत टोकू नका. चहाचे कागदी कप घ्या, तळाला भोक पाडा, निम्मी माती, निम्मं कुजलेलं शेणखत भरा आणि दोन-दोन बिया लावा. कप दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीशी ठेवा, रात्री वरून गोणपाट टाका. भिंतीची ऊब रात्रीही बियांना मिळते. पंधरा-वीस दिवसांत दोन-तीन खरी पानं (बियांच्या पहिल्या दोन जाड दळांनंतर येणारी) आली की कप फाडून मातीच्या गड्ड्यासकट रोप आळ्यात ठेवा. काकडी-दोडक्याच्या मुळांना धक्का सोसत नाही, म्हणून गड्डा फुटू देऊ नका. मांडवाला तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) पुरतात.

भेंडीला कपाची गरज नाही. बी रात्रभर भिजवून फेब्रुवारीच्या अखेरीला थेट टोका. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ मी लावतो, कारण पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला ती चांगली तोंड देते. मेथी-कोथिंबीर मात्र लवकरच उरका, ऊन तापलं की ती लगेच फुलावर येते. गवार होळीनंतरही चालते, तिला ऊन सोसतं.

होळीनंतरची लागवड कुणी करावी? ज्यांच्या बोअरला मे महिन्यातही पाणी आहे आणि परसात दुपारनंतर कडुलिंबाची सावली येते, त्यांनी खुशाल थांबावं. त्यांना थंडीची आणि कपांची दगदग नको. आळ्यात सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट बोटभर जाड पसरलं की ओल टिकते.

गारांचं भय मार्चभर असतं, त्यात दोन्हीकडचे सारखेच. पण कपातली रोपं आभाळ आलं की पाटीत घालून पडवीत नेता येतात. आळ्यातल्या रोपांसाठी चार तुराट्या रोवून जुनं लुगडं दुहेरी ताणून बांधा. आमच्याकडे ते मार्च संपेपर्यंत मांडवाशेजारी घडी घालून ठेवलेलं असतं.