साडेनऊशेचा ग्लुकोमीटर: सहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या फेब्रुवारीत गुडघेदुखीच्या निमित्ताने केलेल्या रक्ततपासणीत माझी उपाशीपोटीची साखर १७१ आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ८.४ आली. मधुमेहाचे निदान अनुक्रमे १२६ आणि ६.५ पासून होते, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. डॉक्टरांनी जेवणासोबत घ्यायची मेटफॉर्मिनची गोळी सुरू केली आणि घरी ग्लुकोमीटर ठेवायला सांगितले. साताऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या मेडिकलमधून मी पंचवीस स्ट्रिप्ससह साडेनऊशे रुपयांना एक यंत्र आणले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते या किमतीच्या बहुतेक यंत्रांना लागू पडेल.

यंत्र वापरायला सोपे आहे. स्ट्रिप खोचली की ते आपोआप सुरू होते, रक्ताच्या थेंबाला स्ट्रिपचे टोक लावले की थेंब आत ओढला जातो आणि पाच सेकंदांत आकडा दिसतो. अवघड जाते ते टोचणे. पहिल्या दिवशी मी बोटाच्या अगदी मध्यभागी टोचले आणि दिवसभर पोळ्या लाटताना ते बोट ठणकत राहिले. बोटाच्या कडेला टोचल्यास फारसे दुखत नाही, ही गोष्ट मला लॅबमधल्या मुलीने सांगितली. ती माहितीपत्रकातही होती, पण ते पत्रक इतक्या बारीक अक्षरांत छापलेले आहे की चाळिशीचा चष्मा असूनही मला वाचता आले नाही, आणि त्यात मराठीचा एक शब्द नाही.

मे महिन्यात एका दुपारी यंत्राने २६२ दाखवले आणि मी घाबरून खालीच बसले. मग आठवले की थोड्याच वेळापूर्वी नातवंडांना हापूस कापून दिला होता आणि हात नुसते पदराला पुसले होते. साबणाने हात धुऊन, नीट कोरडे करून पुन्हा तपासले तेव्हा १४८ आले. बोटाला लागलेला रस थेंबात मिसळला की यंत्र त्याचीही साखर मोजते. त्यात यंत्राचा दोष नाही.

अचूकतेबद्दलची अपेक्षा मात्र बेताचीच ठेवावी. लॅबमध्ये रक्त दिल्यावर तिथेच बाकावर बसून मी यंत्रावर तपासले. लॅबचा आकडा १२८ आला, यंत्राचा १४१. अशा यंत्रांसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यानुसार साखर १०० किंवा त्याहून अधिक असताना लॅबच्या तुलनेत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे माझे यंत्र नियमात बसते. हे समजेपर्यंत मी काल १३८ आणि आज १४४ म्हणून उगाच स्वतःला दोष देत होते.

यंत्राचा खरा उपयोग मला कळला तो जोडीने तपासायला लागल्यावर, म्हणजे एकदा जेवणाआधी आणि एकदा पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी. आषाढी एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीआधी ११८ होती, नंतर २३६ झाली. दोन दिवसांनी दीड ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि वाटीभर आमटी जेवले, तेव्हा १२१ वरून १५८ वर गेली. पोहे खाऊन बसून राहिल्यावर २०४ आणि तेवढेच पोहे खाऊन वीस मिनिटे चालून आल्यावर १६७, हाही प्रयोग केला. एका दिवसावरून सिद्धांत मांडू नये हे मान्य, पण तेव्हापासून न्याहारीनंतरचे चालणे चुकलेले नाही. सकाळच्या साखरेचे कोडे मात्र वेगळे होते. रात्री काहीच न खाता झोपले, तरी सकाळचा आकडा नेहमीपेक्षा जास्तच आला. पहाटे यकृत स्वतःहून रक्तात साखर सोडते, हे डॉक्टरांनी समजावल्यावर रात्रीचे उपाशी राहणे बंद केले.

खर्चाचे म्हणाल तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा प्रकार आहे. पन्नास स्ट्रिप्सची डबी मला अकराशेला पडते, म्हणजे एका तपासणीला बावीस रुपये, आणि दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप या यंत्रात चालत नाही. डबी उघडल्यापासून माझ्या स्ट्रिप्स ९० दिवसच वापरता येतात आणि ओलसर हवेने त्या खराब होतात, त्यामुळे पावसाळ्यात डबीचे झाकण क्षणभरही उघडे ठेवू नये. आठवड्यातून दोन जोड्या तपासल्या तर पन्नास स्ट्रिप्स त्या मुदतीत बरोबर संपतात. त्याहून कमी तपासणाऱ्यांनी पंचवीसचीच डबी घ्यावी. इन्सुलिन घेणाऱ्यांचा हिशेब निराळा आहे. त्यांची साखर ७० च्या खाली जाण्याचा धोका असल्याने किती वेळा तपासायचे हे त्यांनी डॉक्टरांनाच विचारावे.

यंत्राची एक उणीव रोज जाणवते. आकडा जेवणाआधीचा की नंतरचा, याची नोंद ते ठेवत नाही, म्हणून मी शेजारी शाळेची दोनरेघी वही ठेवली आहे. मे महिन्याच्या अखेरीस एचबीए१सी ७.१ आले. त्याचे श्रेय गोळीला किती आणि वहीला किती, हे मला सांगता येणार नाही.

यंत्र पाहून शेजारच्या वहिनी एकदा हात पुढे करून म्हणाल्या, "जरा माझीपण बघ की गं." टोचणीचे पेन एकाने वापरलेले दुसऱ्याने वापरू नये, सुई बदलली तरीही, कारण त्यावर राहिलेल्या रक्तातून कावीळ ब सारखे आजार पसरू शकतात. मी नाही म्हटले आणि चार दिवस आमच्यात अबोला होता. गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतःचे यंत्र आणले. दुकानात मात्र आधी स्ट्रिपची किंमत विचारली.