फोडरचं 'द मॉड्युलॅरिटी ऑफ माइंड': छोटं पुस्तक, पण वेळ काढून वाचा

१९८३ चं पुस्तक आहे, एमआयटी प्रेसचं, दीडशेच्या आतच पानं, म्हटलं दोन दिवसात संपवू पण तीन आठवडे लागले आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. जेरी फोडर हा अमेरिकन तत्त्वज्ञ म्हणतो की बघणं, ऐकणं, भाषा समजणं ही कामं मनातली वेगवेगळी मॉड्यूल्स, म्हणजे आपापलं ठरलेलं कामच करणारे स्वतंत्र कप्पे, करतात, ती झटपट चालतात, आपल्याला थांबवता येत नाहीत आणि बाकी मनाला काय माहितीये त्याची दखल घेत नाहीत. म्युलर-लायरच्या दृष्टिभ्रमातल्या त्या दोन रेघा आठवा, एकीच्या टोकांचे बाण आत वळलेले, दुसरीचे बाहेर, फूटपट्टीने मोजून सारख्या निघाल्या तरी डोळ्यांना एक मोठीच दिसते! हे वाचून मी खरंच वहीत रेघा काढून बघितल्या. आणि लोकलमध्ये शेजारी कोणी मराठीत बोललं की ते नुसता आवाज म्हणून ऐकताच येत नाही ना, अर्थ लागतोच, तेच हे.

बरेच जण समजतात की तो अख्खं मनच मॉड्यूल्सचं आहे म्हणतो, तर तसं नाहीये, विचार करणं, मत बनवणं हे त्याने मुद्दाम बाहेर ठेवलंय कारण तिथे कुठलीही माहिती कुठेही उपयोगी पडते. सगळं मन मॉड्यूलर ही मांडणी नंतरच्या इव्होल्युशनरी सायकॉलॉजीवाल्यांची (मन उत्क्रांतीतून कसं घडलं ते शोधणाऱ्यांची), आणि फोडरने तिला विरोधच केला. मला हा भाग सगळ्यात आवडला.

इंग्रजी मात्र जड आहे, वाक्यं लांबलचक. ऑनलाइन मागवलेली कॉपी कोपरे दुमडून आली म्हणून एक स्टार कमी, पुस्तकाला पाच.