सोलापुरात फणस: कलम, करवत आणि ३५ महिने

गेल्या रविवारी घरच्या झाडाचा पहिला फणस फोडला. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर तो ४ किलो २०० ग्रॅम भरला. सासूबाई राजापूरच्या. फोटो बघून फोनवर म्हणाल्या, "अहो, कुयरी कशाला काढलीत?" कुयरी म्हणजे कोवळा फणस. त्यांना काय सांगणार! जुळे सोलापुरात, जिथं मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, तिथं एवढा फणस पिकवायला मला तीन उन्हाळे लागले. त्यातले दोन तर केलेल्या चुका निस्तरण्यातच गेले.

झाडं दोन आहेत. एक कलमी, व्हिएतनाम सुपर अर्ली म्हणून विकतात ते. जुलै २०२२ मध्ये ५५० रुपयांना घेतलं. नर्सरीतल्या पाटीवर 'दीड वर्षात फळ' असं लिहिलं होतं. दुसरं बियाचं. सासूबाईंकडच्या काप्या, म्हणजे घट्ट गऱ्यांच्या, फणसाची आठळी जूनमध्ये ओली असतानाच आणून थेट जमिनीत टोचली. आठळी वाळवून ठेवली की संपली, तिची उगवणशक्ती फार दिवस टिकत नाही. आणि फणसाचं सोटमूळ मोडलं की झाड रुसतं, म्हणून पिशवीत रोप करायच्या फंदात पडलो नाही. जातींबद्दल थोडी चौकशी केली होती. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण प्रॉलिफिक' आहे, बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं पुढं आणलेली तांबूस गऱ्यांची 'सिद्धू' आहे. इथल्या नर्सरीत मात्र जे मिळालं ते घेतलं. आपल्याकडे केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, त्यामुळे डाळिंबाचं पान पिवळं पडलं तर सल्ला द्यायला गल्लीत दहा जण उभे राहतात. फणसाचं विचारलं की लोक हसतात.

जागा म्हणजे घरामागचा बारा बाय पंधरा फुटांचा तुकडा. वर दीड फूट काळी माती, खाली मुरूम, त्यात पांढरे चुनखडीचे खडे. तीन फुटी खड्डा काढून शेणखत, पोयटा आणि थोडा मुरूम भरला. झाड मात्र खड्ड्यात न लावता वर उंचवटा करून त्यावर लावलं. या एका गोष्टीत नशीब बलवत्तर निघालं. कोकणात आमच्या चार-पाच पट पाऊस पडतो, पण तिथं उताराची जांभी माती पाणी धरून ठेवत नाही. आमचा पाऊस कमी, पण सप्टेंबरात दोन दिवस लागला की काळ्या मातीत पाणी तुंबतं, आणि फणसाच्या मुळांना तुंबलेलं पाणी अजिबात चालत नाही. लावलं त्याच वर्षी सप्टेंबरात शेजारची पपई बुडातून कुजली. फणस वाचले.

पहिला उन्हाळा, २०२३ चा. एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपायला लागल्या. मला वाटलं पाणी कमी पडतंय. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, म्हणून आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून रोज झाडाला घालायला लागलो. पाणी वाचवल्याचा केवढा अभिमान! तीन आठवड्यांत पानं टोकापासून मधल्या शिरेपर्यंत तपकिरी झाली. आमच्या बोअरचं पाणी मुळातच क्षाराचं, त्यात मशीन ते क्षार गोळा करून मागं टाकतं, आणि मी तेच मुळाशी ओतत होतो. ते बंद केलं. झाडाच्या दोन्ही बाजूंना बिनझिलईची दोन मडकी गळ्यापर्यंत पुरली, त्यात नळाचं पाणी. वर ५० टक्क्यांची हिरवी जाळी, तीसुद्धा झाडावर पांघरून नाही, पश्चिमेला बांबूवर उभी. बुडाशी उसाचं पाचट, चांगलं वीतभर. मोहोळकडच्या मित्रानं गोणीभर फुकट दिलं. पाचट खोडाला चिकटू द्यायचं नाही, चार बोटं लांब ठेवायचं. त्या वर्षी पाण्यापेक्षा सावलीनं झाड जगलं असं माझं मत आहे.

पुढं पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही, त्याची ही खूण. मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकून उपयोग झाला नाही. लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारलं, दहा दिवसांनी पुन्हा. नवी पालवी हिरवीगार आली. जुनी पानं तशीच राहिली, ती सुधारत नाहीत.

आता कलमाबद्दलची खरी तक्रार. पहिल्या पावसाळ्यात कलम जेमतेम चार बोटं वाढलं, पण बुडातून एक तरतरीत फांदी निघाली. दोन महिन्यांत दोन फूट! मी सगळ्यांना कौतुकानं दाखवत होतो. एक दिवस खाली बसून नीट पाहिलं. वरची पानं अखंड, लंबगोल, जाड. या फांदीची पानं मात्र कापल्यासारखी, तीन बोटांची. बियाच्या कोवळ्या फणसाची पानं कधी कधी अशी असतात. म्हणजे ही कलमाची फूट नव्हतीच, जोडाच्या खालून आलेली खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधतात त्याची होती, आणि सगळं अन्न तीच खात होती. कापताना हात थरथरला, कारण झाडाचा देखणा भाग तोच होता. विकताना नर्सरीवाल्यानं जोड कुठं आहे ते बोटानं दाखवून 'याच्या खालचं काही ठेवू नका' एवढं सांगितलं असतं तर माझा अख्खा हंगाम वाचला असता. वर जोडावरची प्लास्टिकची पट्टीही तशीच होती, खोडात रुतायला लागली होती. ती मीच ब्लेडनं काढली.

छाटणीवर जरा सविस्तर लिहितो, कारण घरच्या फणसाचा सगळा खेळ तिथंच आहे. मोकळा सोडला तर फणस सरळ आभाळाकडे जातो, आणि वर गेलेलं झाड आपल्या प्लॉटमध्ये काही कामाचं नाही. पण फणसाची गंमत अशी की फळ फांद्यांच्या टोकाला लागत नाही, खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतं. म्हणून आंब्याचा शेंडा मारताना वाटते तेवढी हळहळ इथं वाटायचं कारण नाही.

हे मला माहीत होतं, तरी मी घाण केली. मार्च २०२४ मध्ये, कलम साडेसहा फुटांवर असताना, एका रविवारी उत्साहाच्या भरात पाच फुटांवर शेंडा मारला आणि खालच्या सगळ्या फांद्याही साफ केल्या. झाड छत्रीसारखं दिसलं पाहिजे असं डोक्यात होतं. शेजारचे अण्णा कंपाउंडवरून बघत होते. "काय करालाव हो साहेब, झाडाची हजामत?" मी हसण्यावारी नेलं. पुढचे दोन महिने उघड्या खोडावर पश्चिमेचं ऊन पडलं, आणि मेमध्ये त्या बाजूची साल उभी तडकली, करंगळी जाईल एवढी. फणसाची साल जाड दिसते, पण कोवळ्या झाडाची नसते. मग खोडाला चुना फासला. तो आता दर फेब्रुवारीत फासतो.

बरोबर वेळ आमच्याकडे जून-जुलै: फळ उतरलं, पहिला पाऊस झाला, ऊन मवाळ झालं की. हिवाळ्यात करवतीला हात लावत नाही, कारण डिसेंबरपासून खोडावर फुलं येतात. जुलै २०२४ मध्ये दुसऱ्यांदा कापलं ते शहाण्यासारखं. चार दिशांना चार फांद्या ठेवल्या, आत वळणाऱ्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या काढल्या, मध्ये उजेड शिरेल एवढी जागा केली. जाड फांदी तीन घावांत कापायची. आधी खालून, एक तृतीयांश. मग दोन बोटं पुढं वरून, म्हणजे फांदी मोडून पडली तरी साल खोडापर्यंत सोलत जात नाही. शेवटी उरलेला खुंट, खोडाला जिथं फुगीर वळी असते तिच्या बाहेरून. वळी कापली की जखम लवकर भरत नाही.

खोडावरची बारीक फूट मात्र ओरबाडून काढायची नाही. पानांची ती छोटी डहाळी बावळट दिसते, पण फळ तिलाच लागतं. काढायची ती फक्त जोडाखालची.

आणि चीक! पहिल्यांदा कापताना मी शर्ट घातला होता, तो आता गाडी पुसायला आहे. कोपरापर्यंत शेंगातेल चोळल्याशिवाय हात घालू नका. करवतीच्या पात्यालाही तेल, आणि काम संपल्यावर रॉकेल नाही तर पुन्हा तेल लावून कापडानं पुसायचं. साबण आणि पाण्यानं चीक निघत नाही, उलट आणखी घट्ट बसतो.

कापलेल्या जागी बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावतो. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या डब्यांत भिजवून मग एकत्र करायचं. लोखंडी भांडं नको. तयार पेस्टमध्ये लोखंडी खिळा बुडवून काढा. तांबूस झाला तर अजून चुना लागेल. ब्रशनं लावली की निळसर खरपुडी धरते. हातमोजे घाला.

हत्यारांबद्दल थोडक्यात. ३८० रुपयांची दहा इंची घडीची करवत अजून उत्तम चालते, ओढताना कापणारे दात आहेत, मनगट दुखत नाही. सिकेटरची (छाटणीच्या कात्रीची) स्प्रिंग वर्षभरात गेली. लांब दांड्याचा कटर घेऊन पस्तावलो. सात फुटांच्या झाडाला तो लागतच नाही, आणि झाड सात फुटांवर ठेवायचं म्हणून तर एवढा खटाटोप.

डिसेंबरमध्ये कलमावर पहिली फुलं दिसली. जानेवारीत त्यातली बहुतेक काळी पडून गळली. मी बुरशी बुरशी म्हणून औषध आणायला निघालो होतो. ती नर फुलं होती. पराग सांडला की ती काळी पडून गळणारच. मादी फुलाचा देठ जाड असतो आणि बुडाशी कड्यासारखी वळी असते. अशी तीन राहिली. एक मार्चमध्ये आपोआप पडली, एकीत अळीनं बोगदा केला, भोकाच्या तोंडाशी भुसा दिसला तेव्हा उशीर झाला होता. तिसरीला गोणपाटाचा झब्बा घातला.

काढायची वेळ ओळखणं अवघड नाही. काटे बोथट होऊन एकमेकांपासून लांब जातात, देठाजवळचं पान पिवळं पडतं, थापटल्यावर टणटण आवाज येत होता तो बदबद येतो. चार दिवस सुतळीच्या पोत्यात ठेवला. गरे फिकट पिवळे, कापा आणि मऊ गऱ्यांचा बरका यांच्या मधले, गोडी बरी. राजापूरची सर नाही. आठळ्या मात्र मिठाच्या पाण्यात उकडून सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ल्या.

घ्यावं का? दीड वर्षात फळ हे सोलापुरात विसरा. मला ३५ महिने लागले, एकच फळ, आणि पाणी, जाळी, माती, हत्यारं धरून खर्च चार हजारांच्या पुढं. फणस खायचाच असेल तर मे महिन्यात गाडीवरून गरे घ्या. पश्चिमेला भिंत किंवा दुसऱ्या झाडाची सावली असेल आणि दोन उन्हाळे रोज लक्ष देणारं घरात कोणी असेल, तरच कलम घ्या. भिंतीपासून निदान सात-आठ फूट जागा सोडा. मी पाच सोडली, आता मुळांची काळजी लागली आहे. कुंडीत किंवा ड्रमात लावायचा विचार असेल तर आमच्या उन्हात ड्रम तापतो, मी तरी ते धाडस करणार नाही.

बियाचं झाड अकरा फुटांवर गेलंय, फुलाचा पत्ता नाही, पण ताकदीनं ते कलमाच्या दुप्पट आहे. एकाही उन्हाळ्यात त्यानं माझी झोप उडवली नाही. पाऊस एकदा नीट पडला की येत्या रविवारी त्याचाही शेंडा सात फुटांवर मारणार. अण्णांना आधीच सांगून ठेवलंय. त्यांनी यावेळी हजामतीचं काही काढलं नाही. उकडायच्या आधी चार आठळ्या मागून घेतल्या, ओल्या रुमालात बांधल्या आणि विचारलं, "किती खोल टोचायच्या?"